चाचणीत छान बसलेला स्वेटर नंतर काखेत का अडतो?

स्वेटरचा पॅटर्न, म्हणजे विणायच्या लेखी सूचना, चाचणीला दिला. सगळ्यांनी विणून पूर्ण केला, फोटो पाठवले, ‘मस्त बसलाय’ असे निरोप आले. मग पॅटर्न बाहेर गेला आणि थोड्याच दिवसांत पहिली तक्रार आली: छाती बरोबर, लांबी बरोबर, काखेत मात्र अडतंय. पाठोपाठ दुसरी आली. पुढचा पॅटर्न लिहिला, नव्याने चाचणी घेतली, तरी तेच. गळ्यापासून खाली, काखेपर्यंतच्या चार तिरप्या रेषांवर टाके वाढवत विणत जायचे रॅगलन स्वेटर लिहिणाऱ्यांना हा त्रास कधी ना कधी होतोच. आपल्या बेळगावकडच्या सीमाभागात तो जास्त जाणवतो, कारण इथला स्वेटर बहुतेक वेळा ब्लाउजच्या बाहीवरून आणि पिन केलेल्या पदरावरून घातला जातो. परदेशी मापतक्त्यांत या दोन थरांचा हिशेब नसतो.

शहापूर-टिळकवाडीपासून खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणीपर्यंत पसरलेल्या विणणाऱ्यांकडून चाचणी करून घेताना ही तक्रार कुठून येते आणि ती चाचणीतच कशी पकडायची, ते इथे लिहिते. तक्रार काखेची असली तरी अर्धं कारण पॅटर्नमध्ये असतं आणि अर्धं आपण चाचणी कशी घेतो त्यात. एकच बाजू दुरुस्त केली तर पुढच्या पॅटर्नमध्ये तक्रार परत येते.

‘अडतंय’ म्हणजे नेमकं काय?

सगळ्यात आधी हे विचारा, कारण या एका शब्दामागे निदान तीन वेगळ्या गोष्टी असतात आणि तिघींचे उपाय वेगळे आहेत. इतके वेगळे, की चुकीचा उपाय केला तर त्रास वाढतो.

पहिली: हात खाली असतानाच काखेत काचतं, कापड वर रुतून बसतं. इथे मुंढ्याची, म्हणजे बाही अंगाला मिळते त्या जागेची, खोली कमी पडली आहे.

दुसरी: हात खाली असेपर्यंत काही नाही, वरच्या फळीवरचा डबा काढायला हात उचलला की सगळा स्वेटरच कमरेपासून वर येतो. पुष्कळ जणी यालाही ‘घट्ट’ म्हणतात आणि मुंढा आणखी खोल करा म्हणून सुचवतात. प्रत्यक्षात इथे मुंढा गरजेपेक्षा खोल झालेला असतो. काखेची जागा जितकी खाली, तितकं हात उचलल्यावर अंगाचं कापड ओढलं जातं. यावर मुंढा आणखी खोल केला तर तो स्वेटर घालून स्वयंपाकघरात काम करणं अशक्य होईल.

तिसरी: खोली ठीक असते, पण दंडाशी बाही आवळते किंवा काखेतून छातीकडे तिरप्या चुण्या पडतात. इथे काखेत घातलेले नवे टाके कमी पडलेत, किंवा बाहीचा घेर त्या दंडाला पुरत नाही.

म्हणून मी ‘बसतो का?’ असं विचारत नाही. हात खाली असताना, हात समोर धरून आणि हात सरळ वर करून असे तीन फोटो मागते, तेही नेहमीच्या ब्लाउजवर, पदर पिन करून. त्यासोबत चार मापं: गळ्याच्या मागच्या मध्यापासून काखेच्या पातळीपर्यंतची सरळ उभी खोली, बाहीचा काखेखालचा घेर, अंगाचा काखेखालचा घेर आणि उघड्या दंडाचा घेर. यातून वरच्या तिघींपैकी कोणती गोष्ट आहे ते पुष्कळदा लगेच कळतं.

ओळींचा हिशेब

समजायला सोपं पडावं म्हणून एक माप धरू. समोरून उघडा स्वेटर, गेज (ठरावीक मापात किती टाके आणि किती ओळी बसतात ते) १० सेंमीत २२ टाके आणि २८ ओळी. गळ्याला ९२ टाके घालायचे: पाठीचे ३४, दोन्ही पुढ्यांचे १५-१५, दोन्ही बाह्यांचे १४-१४. चारही रॅगलन रेषांच्या दोन्ही बाजूंना एकेक टाका वाढतो, म्हणजे वाढीच्या प्रत्येक ओळीत ८ टाके. ही वाढ एक ओळ सोडून एक, अशी २८ वेळा. ५६ ओळी झाल्या की सुईवर ३१६ टाके असतात. बाह्यांचे ७०-७० बाजूला ठेवायचे, दोन्ही काखांत १०-१० नवे घालायचे. अंगाला १९६ टाके राहतात. समोरच्या पट्ट्या सोडून घेर ८९ सेंमी, आणि बाही ८० टाक्यांची, साधारण ३६ सेंमी घेराची.

या ५६ ओळींची उंची २८ ओळींच्या गेजला बरोबर २० सेंमी येते. आता अशी विणणारी घ्या जिचे टाके तंतोतंत २२ येतात, पण १० सेंमीत ओळी ३२ बसतात. तिचा योक, म्हणजे गळ्यापासून काखेपर्यंतचा भाग, १७.५ सेंमीचा होईल. दुसरीचे टाके तेच २२, ओळी २५. तिचा योक २२.४ सेंमीचा. दोघींचा घेर सारखा, छाती दोघींनाही बरोबर, आणि मुंढ्यात जवळजवळ ५ सेंमीचा फरक. पहिलीला काचेल, दुसरीचा स्वेटर हात वर केल्यावर वर चढेल, आणि दोघी सांगणार एकच: काखेत अडतं.

विणणाऱ्या गेज जुळवतात म्हणजे टाके जुळवतात. सुई एका मापाने बदलून टाके जमले की कामाला लागतात. ओळी मोजायच्या राहून जातात. खालून वर विणायच्या सुट्या भागांच्या स्वेटरमध्ये हे खपून जातं, कारण तिथे ‘मुंढा २० सेंमी होईपर्यंत विणा’ असं लिहिलेलं असतं. वरून खाली येणाऱ्या रॅगलनमध्ये वाढ आणि उंची एकमेकांना बांधलेल्या असतात. टाके पूर्ण होईपर्यंत विणायचं म्हणजे ओळीही तितक्या होणारच, मग त्यांची उंची काही का येईना.

शहापूर-वडगावच्या, कापडाचे माग असलेल्या घरांतल्या बायकांना हे फारसं समजावून सांगावं लागत नाही. कापडात इंचाला ताण्याचे (उभे) धागे किती आणि बाण्याचे (आडवे) किती, हे दोन वेगळे आकडे आहेत हे त्या घरात बघतच मोठ्या झालेल्या असतात. बाकी सगळ्यांसाठी मी ओळींचा आकडा पॅटर्नच्या पहिल्या पानावर टाक्यांच्या आकड्याइतक्याच मोठ्या अक्षरात छापते.

यावर पॅटर्नमध्ये करायची दुरुस्ती सोपी आहे, पण ती लिहायला हवी. योकच्या भागात मी आधी लक्ष्य देते: ‘काखेशी पोहोचल्यावर खोली २० सेंमी असावी.’ मग तीन वाटा. १० सेंमीत २८ ओळी येत असतील तर २८ वाढी, सगळ्या दर दुसऱ्या ओळीत. एकूण ५६ ओळी. ३२ ओळी येत असतील तर २४ वाढी दर दुसऱ्या ओळीत आणि शेवटच्या ४ दर चौथ्या ओळीत. ४८ आणि १६ मिळून ६४ ओळी, म्हणजे पुन्हा २० सेंमी. २५ ओळी येत असतील तर २२ वाढी दर दुसऱ्या ओळीत आणि ६ लागोपाठच्या ओळींत. ४४ आणि ६ मिळून ५० ओळी, तेही २० सेंमी. टाके तिन्ही वाटांनी ३१६च होतात, त्यामुळे पुढचं काही बदलत नाही. प्रत्येक मापासाठी हे तीन आकडे काढायला बसावं लागतं, आणि ते काम लिहिणारीचंच आहे. चाचणी करणारीने कागद-पेन घेऊन स्वतः गणित करावं अशी अपेक्षा ठेवू नये.

तिसऱ्या प्रकारचा त्रास, म्हणजे दंडाशी आवळणं, याने सुटत नाही. तिथे काखेतले टाके १० ऐवजी १४ करून बघा. बाही ८० वरून ८४ वर जाते, घेर साधारण १.८ सेंमीने वाढतो, आणि अंगालाही प्रत्येक बाजूला तितकीच जागा मिळते. ब्लाउजवरून घालायच्या स्वेटरला मी हे आता आधीपासूनच धरते.

मग चाचणीत हे दिसलं का नाही?

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो भाग हा आहे. चांगल्या विणणाऱ्या पॅटर्नमधली चूक विणता विणता दुरुस्त करून टाकतात. तीस-चाळीस वर्षं हातात सुया असलेल्या काकूंना योक छोटा पडतोय हे अर्ध्यातच कळतं. त्या दोन-चार ओळी जास्त विणतात, गळा घट्ट वाटला तर जाड सुईने टाके घालतात, आणि स्वेटर उत्तम बसतो. विचारलं तर म्हणतात, ‘बसतंय की ओ छान.’ खोटं त्या काहीच बोलत नाहीत. त्यांच्या दृष्टीने ती दुरुस्ती सांगण्याइतकी मोठी गोष्टच नसते. विणताना असं करायचंच असतं. पण पॅटर्नमधली खोट त्यांच्या हातात जिरून जाते आणि कागदावर तशीच राहते. नंतर जी नवी मुलगी कागदाप्रमाणे ओळ न ओळ विणते, तिच्या काखेत ती बाहेर येते.

त्यात आपल्याकडे नातं आणि ओळख आडवी येते. चाचणी करणाऱ्या कुणाच्या तरी वहिनी, मावशी, शेजारच्या अक्का असतात. ‘तुझा पॅटर्न चुकलाय’ असं तोंडावर म्हणायला त्यांना अवघड वाटतं. उत्तर येतं ते असं: ‘चांगला झालाय, खरं थोडं तिथं मी आपलं जुळवून घेतलं.’ त्या ‘खरं’नंतरचं (आमच्याकडे ‘खरं’ म्हणजे ‘पण’) अर्धं वाक्य हेच चाचणीचं फळ असतं. ते ऐकून सोडून दिलं तर चाचणी घेतली न घेतली सारखंच.

म्हणून चाचणी सुरू होण्याआधी मी दोन गोष्टी स्पष्ट सांगते. एक, लिहिलंय तसंच विणा, चुकीचं दिसत असलं तरी. हात आपोआप काही वेगळं करायला गेला तर तिथे थांबा, पॅटर्नच्या त्या ओळीवर पेन्सिलने खूण करा आणि मला फोटो पाठवा. स्वेटर बिघडेल अशी भीती वाटली तर पुढे विणू नका. योक झालेला असेल तर मी उत्तर देईपर्यंत बाही घ्या. दोन, मला मत नको, आकडा हवा. ‘गळा ठीक वाटतो’ यापेक्षा ‘गळ्याचा घेर ४४ सेंमी’ हे सांगायला सोपं, आणि त्यात कुणाचं मन दुखत नाही. एक फरक मला इथे फार दिसला: आकडे मागितल्यावर अगदी संकोची बायकाही मोकळेपणाने सांगतात. माप सांगणं म्हणजे टीका करणं नाही, हे त्यांना पटतं.

आणि गट मिश्र ठेवा. सगळ्या मुरलेल्या हातांचा गट घेतला तर कागदावरच्या चुका दिसणार नाहीत. सगळ्या नव्या घेतल्या तर विणणारीची चूक कुठली आणि पॅटर्नची कुठली हे कळणार नाही. प्रत्येक मापाला निदान दोघी असाव्यात, एक जुनी, एक नवी. दोघी एकाच ठिकाणी अडल्या तर ती जागा नक्की पॅटर्नची.

हेही लक्षात ठेवा की टाक्यांची बेरीज-वजाबाकी तपासणं हे चाचणी करणाऱ्यांचं काम नाही. २८ वाढी गुणिले ८ किती होतात, प्रत्येक मापाची बेरीज जुळते का, हे सगळं लोकर सुईवर चढण्याआधी तपासून झालेलं असलं पाहिजे. स्वतः नाही तर आकडेमोडीत पक्क्या असलेल्या दुसऱ्या कुणाकडून. कुणी चारशे ग्रॅम लोकर विणून मग बेरीज चुकली असं कळणं हा त्यांच्या वेळेचा अपमान आहे.

सुईचा नंबर

आपल्या बाजारात सुया अजून जुन्या ब्रिटिश नंबरांनी मागतात, आणि त्यात नंबर वाढेल तशी सुई बारीक होते: ८ नंबर म्हणजे ४ मिमी, ९ म्हणजे ३.७५, १० म्हणजे ३.२५, ११ म्हणजे ३ मिमी. अमेरिकी नंबर उलटे चालतात: तिथे ६ नंबर ४ मिमीची, ८ नंबर ५ मिमीची, १० नंबर थेट ६ मिमीची. मोबाइलवर अमेरिकी व्हिडिओ बघून शिकलेली मुलगी आणि खडे बाजारातून सुया आणणाऱ्या काकू, दोघी ‘८ नंबर’ म्हणतात आणि एकीच्या हातात ५ मिमी, दुसरीच्या हातात ४ मिमी असते. पॅटर्नमध्ये फक्त मिलिमीटर लिहा, आणि चाचणीच्या तक्त्यातही सुईचं माप मिलिमीटरमध्येच मागा. सुईवरचा नंबर पुसला गेला असेल तर भोकांची मापपट्टी वापरायला सांगा. ती गटात एक असली तरी हातोहात फिरते.

लोकरीच्या जाडीचंही तसंच. ‘चार प्लाय’ म्हणजे चार पदर. पदर बारीक असतील तर चार पदरांची लोकरही बारीकच. १०० ग्रॅममध्ये किती मीटर, हा आकडा लिहा.

मापाचा चौकोन, आणि पावसाळा

थंडीचा स्वेटर दिवाळीपर्यंत तयार हवा असेल तर चाचणी पावसाळ्यातच पडते. खानापूरच्या पुढे जांबोटी-कणकुंबीकडे त्या दिवसांत काहीच धड वाळत नाही. गेज मोजायला विणलेला नमुन्याचा चौकोन धुतला, दोन दिवसांनी हाताला कोरडा लागला, मोजला, आकडा पाठवला. खरी लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्क्यांपर्यंत ओल धरून ठेवते आणि तरी हाताला ओली लागत नाही. असा चौकोन मोजला तर गेज फसवं येतं. आमच्याकडे नियम असा आहे की चौकोन निदान १५ सेंमीचा, कपडा जसा धुणार तसाच धुतलेला, आणि सपाट ठेवून वाळवलेला. दोन दिवसांच्या अंतराने दोनदा मोजायचा. दोन्ही वेळा सारखाच आकडा आला तरच तो तक्त्यात लिहायचा. मोजताना कडा सोडून मधले १० सेंमी घ्यायचे.

याच कारणाने लोकर किती लागली हा आकडा फक्त वजनाने घेऊ नका. भर पावसात खानापुरात वजन केलेली खरी लोकर आणि उन्हात अथणीला वजन केलेली तीच लोकर यांत फरक पडतो. उरलेल्या गुंड्या आणि तयार स्वेटर एकाच दिवशी, एकाच तराजूवर तोलायला सांगा, त्यावरून मीटर काढा आणि पॅटर्नमध्ये दहा टक्के जास्त लिहा. ॲक्रिलिक जवळजवळ ओल धरत नाही, त्यामुळे तिथे ही अडचण नाही. पण ॲक्रिलिकला दुसरी आहे: धुऊन ताणून बसवल्याने त्याचा आकार फारसा बदलत नाही, आणि इस्त्रीची जोराची वाफ दिली तर कापड कायमचं लुळं पडतं. लोकरीच्या चौकोनावरून ॲक्रिलिकच्या स्वेटरचा अंदाज बांधू नका. एकाच चाचणीत दोन्ही असतील तर त्यांचे आकडे वेगळे ठेवा.

इंचपट्टीचा एक छोटा मुद्दा. काहीजणी ४ इंचांत टाके मोजतात आणि १० सेंमीच्या रकान्यात लिहितात. ४ इंच म्हणजे १०.१६ सेंमी. चौकोनात हा फरक नजरेत भरत नाही, पण ८९ सेंमीच्या घेरात तो दीड सेंमीच्या आसपास जातो. शिवणकामाची जुनी कापडी टेप ताणलेली असते, तीही बदलून घ्यायला लावा.

बाहीचं गेज वेगळं येतं

समोरून उघड्या स्वेटरचं अंग पुढे-मागे विणलं जातं, एक ओळ सुलट, एक उलट. बाही गोल विणली जाते, सगळ्या ओळी सुलट. पुष्कळ हातांची उलट ओळ सुलटपेक्षा सैल असते, त्यामुळे बाहीचं कापड अंगापेक्षा घट्ट येतं. अंग २२ टाक्यांना बरोबर, आणि बाही त्याच सुईवर २३ टाक्यांची. ८० टाक्यांची बाही मग ३६.४ सेंमीऐवजी ३४.८ सेंमी होते आणि दंडाशी आवळते. ही तक्रार आली की काखेतले टाके वाढवायच्या आधी बाहीवरचं गेज मोजून घ्या. कारण हे असेल तर पॅटर्नमध्ये एवढंच लिहायचं: बाही सुरू करताना गेज तपासा, घट्ट येत असेल तर पाव मिमी जाड सुई घ्या.

वाचून दाखवलेला पॅटर्न

सीमाभागाची ही खास अडचण आहे. घरात मराठी बोलणाऱ्या पुष्कळ बायका कन्नड शाळेत शिकल्यात, त्यांना मराठी वाचायला वेळ लागतो. कन्नड मातृभाषेच्या मैत्रिणी मराठी उत्तम बोलतात, पण वाचत नाहीत. मग मुलगी किंवा शेजारीण पॅटर्न वाचून दाखवते, आणि वाचताना समजावते. अवघड वाक्य सोपं करते, राहिलेला शब्द स्वतः घालते. विणणारीला पॅटर्न कळतो, पण लिहिलेला मजकूर तपासला जात नाही.

यावर आम्हाला सगळ्यात उपयोगी पडला तो तक्ता, म्हणजे चौकटींचा आलेख. सुलट, उलट, वाढ, दोन एकत्र यांच्या खुणा एकदा समजावल्या की भाषेचा प्रश्न उरत नाही. फक्त वाचायची दिशा पहिल्याच पानावर बाणाने दाखवा: सुलट बाजूची ओळ उजवीकडून डावीकडे, उलट बाजूची डावीकडून उजवीकडे. आणि कुणी वाचून दाखवत असेल तर तिला आनंदाने चाचणीत घ्या. जिथे थांबून समजावून सांगावं लागलं त्या ओळींवर तिच्याकडूनच खुणा करून घ्या. त्या खुणा फार मोलाच्या असतात.

दोष हाताचा की पॅटर्नचा?

आकडे आले की आधी प्रत्येकीचं चौकोनाचं गेज आणि तयार स्वेटरवर मोजलेलं गेज शेजारी ठेवा. दोन्हींत फरक असेल तर तिचं माप पॅटर्नविरुद्ध पुरावा म्हणून धरू नका. मोठं काम करताना हात सैल किंवा घट्ट होतो, हे नेहमीचं आहे. दोन्ही गेज पॅटर्नशी जुळतात आणि तरी माप चुकतं, असं एकीच्या बाबतीत झालं तर तिला फोन करा. कुठेतरी ओळ सुटली किंवा वाढ राहिली असेल. हेच दोघींच्या बाबतीत, एकाच जागी झालं, तर पॅटर्न उघडा. तिथे वाक्य चुकलेलं असतं किंवा त्याचे दोन अर्थ निघत असतात. लांब स्वेटर असेल तर योक सपाट ठेवून मोजा आणि थोडा वेळ अंगात घातल्यावरही मोजा. खालच्या भागाच्या वजनाने तो ओघळतो आणि मुंढा खोल होतो.

दुरुस्ती केली की ती सगळ्यांना एकाच वेळी, लेखी कळवा आणि पॅटर्नच्या प्रत्येक पानावर आवृत्तीचा क्रमांक घाला. एकीला फोनवर सांगितलेली दुरुस्ती दुसरीपर्यंत पोहोचत नाही, आणि मग तिच्या आकड्यांचा अर्थ लागत नाही.

वेळ आणि मोबदला

मोठ्या माणसाच्या स्वेटरला सहा ते आठ आठवडे द्या, आणि गणपतीचे दिवस त्यातून वगळा. बेळगावात त्या दिवसांत कुणी सुई हातात घेणार नाही. निपाणीकडच्या बायकांना शेतातल्या तंबाखूच्या कामाचे दिवस विचारून तारीख ठरवा.

लोकर आपण द्यावी, असं माझं ठाम मत आहे. ‘स्वेटर तर तिलाच मिळतो’ हे कारण मला पटत नाही. चाचणीत ती चुकीचं दिसत असूनही लिहिल्याप्रमाणे विणते, उसवते, मोजते, फोटो काढते. हे काम आहे. लोकर तिच्या पैशाची असेल तर ती बिघडू देणार नाही, मुकाट्याने दुरुस्त करून घेईल, आणि आपण परत पहिल्या जागी येऊ. पूर्ण पॅटर्न, नावाचा उल्लेख आणि जमेल तो मोबदला हे वेगळं.

पूर्ण स्वेटरची चाचणी पुन्हा घेण्याआधी

दुरुस्तीनंतर सगळ्यांकडून पूर्ण स्वेटर परत विणून घेण्याची गरज नसते. फक्त योक विणायला सांगा: गळ्यापासून काखेपर्यंत, काखेतले नवे टाके घालून खाली आणखी ३ सेंमी, मग सगळे टाके जुन्या धाग्यावर काढून ठेवायचे. हे धुऊन, पूर्ण वाळवून, ब्लाउज आणि पदरावरून घालून बघायचं. मी तीन गोष्टी तपासते. उभी खोली पॅटर्नमधल्या आकड्यापासून १ सेंमीच्या आत आहे का. बाहीचा घेर उघड्या दंडापेक्षा निदान ५ सेंमी जास्त आहे का. यातली काही जागा ब्लाउजची बाहीच घेते. आणि हात वर केलेल्या फोटोत खालची कड किती वर चढली. प्रत्येक मापाच्या दोघींचे आकडे जुळले की त्याच टाक्यांवर अंग आणि बाह्या पुढे विणायला सांगते. जुळले नाहीत तर उसवायचा असतो फक्त योक, आणि उसवलेली लोकर पुन्हा वापरण्याआधी धुऊन सरळ करायला सांगायचं. कुरळ्या धाग्यावर गेज परत चुकतं.